किती वेळा आलीस?

ओब्दुलियाच्या दाताखाली काहीतरी कडक आलं आणि तिनं चावणं थांबवलं. जिभेनं चाचपलं. बोटाच्या पेराएवढं, गुळगुळीत, प्लास्टिकचं. बाळ येशूचं बाहुलं. तिनं ते हळूच डाव्या गालात सारलं, वर चॉकलेटचा घोट घेतला आणि कुणी पाहिलं का हे बघायला मान वर केली. कुणी पाहिलं नव्हतं.

सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, रोस्का म्हणजे बाहुलं लपवून भाजलेला गोड पाव कापायचा, आणि ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल त्यानं दोन फेब्रुवारीला सगळ्या गोतावळ्याला मक्याच्या पानात वाफवलेले तामालेस खाऊ घालायचे, हा नेम व्हियालपांदोंच्या घरात कधी मोडला नव्हता. बाळ लपवणारे मात्र घरोघरी असतात. नवऱ्याच्या, एलेउतेरियोच्या, एका चुलत्यानं एका वर्षी ते चक्क गिळलं होतं आणि मरेपर्यंत त्याला त्यावरून टोमणे खावे लागले. पण तो चिकटपणा होता. ओब्दुलिया चिकट नव्हती. घरभर मक्याची पानं भिजत घालून वाफेत घाम गाळण्यासारखं सुख तिला दुसरं नव्हतं. तिला भीती त्या तारखेची होती. मुलगी, नेरेइदा, या महिन्याअखेर पूल ओलांडून मेक्सिकोतल्या हुआरेसला व्हिसाचा शिक्का घ्यायला निघाली होती. दोन फेब्रुवारीला सगळ्यांना जेवू घालीन असं कबूल करायचं म्हणजे तेव्हा सगळे घरात असतील असं धरून चालायचं. देवासमोर एवढा आगाऊपणा करायची तिची छाती नव्हती.

त्या पुलाच्या बाजूला तर ती सव्वीस वर्षांत फिरकली नव्हती. सरहद्दीच्या अलीकडच्या एल पासोतल्या सगळ्या बायका स्वस्त कापड घ्यायला पुलाजवळच्या दुकानांत जायच्या. ओब्दुलिया दोन बस बदलून भलतीकडे जायची आणि महाग घ्यायची. गणवेशातली माणसं दिसली की ती वाट बदलायची. घरात कुणी तिला त्यावरून चिडवत नसे, कारण नवऱ्याचंही तेच होतं; दोघांकडेही इथे राहायचे कागद नव्हते.

एलेउतेरियो खिडकीजवळ बसला होता. रविवारी त्यानं मुलीला "जायचं नाही" एवढं सांगितलं होतं, आणि तेव्हापासून तिच्याशी तो फक्त "मीठ दे" एवढंच बोलला होता. त्याच्या शेजारी आद्रियान, धाकटा, इथेच जन्मलेला, त्यामुळे जन्मतःच कागदवाला आणि जन्मतःच बडबड्या. समोर नेरेइदा. आणि टेबलाच्या टोकाला, अंगावर कोट तसाच ठेवून, ग्रिसेल्दा उभी.

ही एलेउतेरियोच्या भावाची, चोनची बायको. तीही इथलीच जन्मलेली. नऊ वर्षांपूर्वी तिनं नवऱ्याच्या कागदांसाठी अर्ज केला, चोन हुआरेसच्या अमेरिकी वकिलातीत खिडकीसमोर उभा राहिला आणि तिथेच अडकला. तेव्हापासून तो पुलाच्या पलीकडे एका टायरच्या दुकानात काम करत होता आणि ही दर रविवारी जाऊन येत होती. त्या वर्षी ग्रिसेल्दानं या घरातून तामालेसचं मोठं भांडं उचलून नेलं. ते दोन्ही घरांचं मिळून होतं. ते परत आलं नाही. सणाला ती येई, पण बसत नसे, खात नसे. सगळ्यांच्या आधी नवऱ्याचा तुकडा स्वतःच्या हातानं कापी, चांदीच्या कागदात गुंडाळी आणि दुसऱ्या दिवशी पुलापार नेई. तिचा राग सगळ्यांना ठाऊक होता. तो कशाचा, हे मात्र मोठ्या तिघांनाच ठाऊक होतं.

आद्रियाननं काटा उचलून पेनासारखा धरला.

"हं, पुढचे या," तो नाकातून बोलला. "नाव?"

नेरेइदाला हसू आलं. बापाच्या अबोल्यानं तिचे चार दिवस जड गेले होते, कुणीतरी थट्टा केली तर तिला हवीच होती. तिनं नाव सांगितलं. काम काय, तर विहिरीचं खारं पाणी गोडं करायची यंत्रं आखते. कोण ठेवतंय कामावर, पगार किती, परत येणार का, सगळं ती धडाधड म्हणत गेली. वकीलबाईंनी तिच्याकडून हे सकाळीच घोकून घेतलं होतं.

"या देशात किती वेळा शिरलात?"

"एकदाच. दीड वर्षाची असताना."

ग्रिसेल्दाच्या हातातला चांदीचा कागद कुरकुरत होता, तो थांबला.

*

नेरेइदाला हे नवं नव्हतं. शाळेत असल्यापासून ती हेच सांगत आली होती. दीड वर्षाची असताना आईच्या कडेवर, एकदाच. सोळाव्या वर्षी तिला सरकारनं तात्पुरतं कार्ड दिलं, त्यावर शिकली, नोकरीला लागली. ते कार्ड दर दोन वर्षांनी नवं करायचं, आणि दर दोन वर्षांनी कुठल्यातरी कोर्टात ते बंद करायची भाषा चालू असायची. येत्या मे महिन्यात ते पुन्हा संपत होतं. यावेळी तिचा साहेब म्हणाला होता की असं टांगणीला लागून किती दिवस काढणार, आपण रीतसर कामाचा व्हिसा घेऊ. त्यानं अर्ज केला आणि तो मंजूरही झाला. उरला फक्त शिक्का. तो देशाबाहेर जाऊनच घ्यावा लागतो.

वकीलबाई तर खूश होत्या. सोळाव्या वर्षी कार्ड मिळाल्यामुळे बेकायदा राहिल्याचा ठपका तुझ्यावर बसतच नाही, त्या म्हणाल्या होत्या. माफी मागायचीही गरज नाही. आलीस एकदाच, तीही तान्ही. खिडकीवर जा, शिक्का घे, पुलावरून चालत घरी ये.

"चोनही असंच म्हणाला होता," ग्रिसेल्दा म्हणाली. "एकदाच."

"ग्रिसेल्दा," एलेउतेरियो म्हणाला.

"मी काही म्हटलं का, भावजी? माझ्या नवऱ्याचं सांगतेय. तेवढं तरी सांगू देत."

नेरेइदानं एकदा काकूकडे पाहिलं, एकदा बापाकडे. काकांचं खिडकीवर काय झालं हे या घरात कुणी बोलत नसे. कुठलंसं उत्तर चुकलं, एवढंच तिला माहीत होतं. उत्तर काय होतं हे तिनं आज पहिल्यांदा ऐकलं.

"काका एकदाच आले नव्हते?" तिनं विचारलं.

 आद्रियाननं काटा खाली ठेवला.

"काकू, मला सांग. काका किती वेळा आले होते?"

"ते तुझ्या वडिलांना विचार," ग्रिसेल्दा म्हणाली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा या घरातली खुर्ची ओढून बसली. कोट अंगातच होता.

*

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मानून एलेउतेरियो आजवर जगला होता. सगळं आयुष्य भिंतींना गिलावा करण्यात गेलेला माणूस. तडा दिसला की वरून हात फिरवायचा, ही त्याची सवयच होती. मुलगी घराबाहेर पडली नाही तर काही बिघडत नाही, असा त्याचा हिशेब होता. नोकरी जाईल. जाऊ दे. कार्ड संपेल. संपू दे. तो स्वतः कुठल्या कार्डावर जगला होता? पण ती त्या खिडकीसमोर उभी राहून "एकदाच" म्हणाली, तर पुढे काय होतं ते त्यानं एकदा पाहिलं होतं. आणि तसं म्हणू नकोस असं सांगावं, तर का म्हणू नको हेही सांगावं लागलं असतं.

"जायचं नाही म्हटलं ना," तो म्हणाला. "विषय संपला."

"बाबा, मी अठ्ठावीस वर्षांची आहे. कारण सांगा, मग नाही जाणार."

"कारण मी बाप आहे."

"ते कारण माझ्या वकीलबाईंना सांगून बघते. कुठल्या रकान्यात बसतं का ते विचारते."

आद्रियानला हसू फुटलं. बापानं त्याच्याकडे पाहिल्यावर ते आत गेलं.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, भावजी," ग्रिसेल्दा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच एलेउतेरियोला धास्ती वाटली. "तुम्ही नाही सांगितलंत, तर त्यांचा संगणक सांगेल. चोनला सांगितलंच की."

एलेउतेरियो भिंतीला टेकला. आता त्याला एकच आधार होता, आणि तो लग्नाच्या दिवसापासून कधी ढळला नव्हता.

"तुझ्या आईला विचार," तो मुलीला म्हणाला. "ती सांगेल तुला. ओब्दुलिया, सांग हिला."

आपल्याकडे माणूस मूग गिळून बसतो म्हणतात. ओब्दुलिया इतका वेळ बाहुलं गालात धरून बसली होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. नवऱ्याच्या डोळ्यांत सवयीचा भरवसा होता. मुलीच्या डोळ्यांत काय होतं ते तिला बघवलं नाही. तिनं दोन बोटं तोंडात घातली, बाळाला बाहेर काढलं, पदराला पुसावं तसं ॲप्रनला पुसलं आणि बशीच्या काठावर उभं करून ठेवलं.

"आईला निघालं!" आद्रियान सवयीनं ओरडला, आणि लगेच गप्प झाला.

"दोनदा," ओब्दुलिया म्हणाली. "दोनदा आलीस तू."

*

पुढचं ओब्दुलियानं खाली बघतच सांगितलं. नेरेइदा चार वर्षांची होती. दुरांगोकडच्या गावात सासूनं अंथरूण धरलं होतं, आणि नातीला एकदा दाखवा एवढंच तिचं मागणं होतं. आईबाप जाऊ शकत नव्हते, गेले तर परत कसे येणार? शेजारची एक कागदवाली बाई नाताळला माहेरी निघाली होती, तिच्याबरोबर पोरीला धाडलं. पोरगी आजीजवळ राहिली. तीन राजांचा सण तिनं तिकडेच केला. मग आजी गेली.

"अंगण होतं," नेरेइदा म्हणाली. "लाल कोंबडी होती. माझ्या तुकड्यात बाळ निघालं होतं, आणि सगळे म्हणत होते की आता तामालेस नेरेइदा घालणार."

हे तिनं लहानपणी कितीदा तरी विचारलं होतं. दर वेळी आईनं सांगितलं होतं की ते तू आजीनं पाठवलेल्या व्हिडिओच्या फितीत पाहिलंस. फीत कुठे आहे? हरवली. नेरेइदानं कितीतरी वर्षं स्वतःच्या आठवणीला खोटं ठरवलं होतं.

"फीत नव्हती," ओब्दुलिया म्हणाली. "मी खोटं बोलले. तू लहान होतीस, शाळेत बडबडशील म्हणून भीती वाटायची. मग मोठी झालीस, आणि सांगायचं राहून गेलं."

"राहून नाही गेलं," ग्रिसेल्दा म्हणाली. "ठेवलंत."

ओब्दुलियानं मान हलवली. ते खरंच होतं.

पोरीला परत आणायला कोण जाणार, हा प्रश्न होता. एलेउतेरियोला नुकतंच पक्कं काम लागलं होतं, मुकादम सुट्टी देईना. चोन तेव्हा चोवीस वर्षांचा, बिनलग्नाचा, या बाजूला येऊन जेमतेम काही महिने झालेला. एलेउतेरियोनं त्याला विचारलं आणि तो हो म्हणाला. नदीतून येताना पोरगी त्याच्या खांद्यावर होती. काठावर चढले आणि सरहद्दीवरच्या शिपायांच्या विजेऱ्या अंगावर आल्या.

"त्यानं शिपायाला सांगितलं की ही माझी मुलगी, लुपिता," ग्रिसेल्दा आता सरळ नेरेइदाशी बोलत होती. "तुझं नाव कागदावर येऊ नये म्हणून. आणि तू चिडलीस. म्हणालीस, मी लुपिता नाही, मी नेरेइदा व्हियालपांदो. वडिलांचं नाव सांगितलंस, आईचं सांगितलंस, गल्लीचं सांगितलंस. आजीनं पाठ करून घेतलं होतं, हरवलीस तर सांगता यावं म्हणून. शिपाई हसायला लागला. तुला संत्रं दिलं त्यानं, आणि सगळं लिहून घेतलं."

नेरेइदाच्या तोंडाला एकदम संत्र्याची चव आली. ते संत्रं तिला आठवत होतं. दवाखान्यात मिळालं होतं, असं ती समजत होती.

त्यांना पलीकडे सोडून दिलं, आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या जागेहून ती दोघं आली. तेव्हा कुणाला सापडली नाहीत. पण पहिल्या वेळचं लिहिलेलं कुठेतरी राहिलं.

"म्हणजे काकांना विचारलं, किती वेळा आलात..." नेरेइदा थांबली.

"मला सांगून गेला होता, खरं तेच बोलीन. खरं बोलला असता तर माझ्या नावावर माफी मागता आली असती, वकील तसं म्हणाला होता. आणि तिथे उभा राहून म्हणतो काय, एकदाच. त्यांनी संगणक फिरवून दाखवला. खोटं बोललास म्हणाले. संपलं." ग्रिसेल्दानं फोन काढला. "का तसं बोललास म्हणून मी त्याला नऊ वर्षं विचारतेय. मला सांगत नाही. तू विचार."

एलेउतेरियो म्हणाला, नको. कुणी ऐकलं नाही. आज त्याच्या बाजूला कुणीच उरलं नव्हतं.

चोननं लगेच फोन घेतला. मागे दुकानातली हवा भरायची यंत्रं फटफटत होती.

"बोला, बाळ कुणाला निघालं?" तो म्हणाला. "यंदा तरी माझ्या तुकड्यात घाला रे. इकडे लोक मला फुकट्या म्हणायला लागलेत."

"काका, मी नेरेइदा. मला आत्ताच सगळं कळलं. संत्र्यापर्यंत."

यंत्रांचा आवाज मागे पडला. बहुधा तो बाहेर रस्त्यावर आला.

"खिडकीवर तुम्ही 'एकदाच' का म्हणालात?"

 चोन म्हणाला, "दोनदा म्हटलं की पुढचा प्रश्न असतो. दुसऱ्यांदा बरोबर कोण होतं? तू तेव्हा कॉलेजात होतीस, पोरी. तुझ्या कार्डाला तीनच वर्षं झाली होती. तुझं नाव मी एकदा लपवायला गेलो आणि जमलं नाही. म्हटलं, यावेळी जमेल."

ग्रिसेल्दानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ती नवऱ्याला नऊ वर्षं मूर्ख म्हणत आली होती, या घराला शिव्या देत आली होती, आणि जे आज कळलं त्यानं तिचा राग कमी झाला नाही. फक्त तो कुणावर ठेवायचा ते तिला कळेना.

एलेउतेरियोनं हात पुढे केला. नेरेइदानं फोन त्याच्या हातात दिला.

"चोन."

"बोल, दादा."

"मी तुला पाठवायला नको होतं."

"तू नसतं पाठवलंस, तर पोरगी इकडे टायर बदलत बसली असती," चोन म्हणाला. "रडू नकोस. वहिनी बघतेय."

*

नेरेइदानं डोळे पुसले. मग ती कामावर बोलते तशी बोलायला लागली, आणि ओब्दुलियाला वाटलं, ही आपली मुलगी इतकी मोठी कधी झाली. ती म्हणाली की उद्या सकाळी मी वकीलबाईंना सगळं सांगणार. दोनदा आले, लहान होते, कुणी आणलं तेही. दुसऱ्यांदा तसं येणं फार वाईट धरतात, त्यामुळे आता माफी मागावी लागेल. आधी आपण होऊन सांगितलं तर ती मिळू शकते. खिडकीवर त्यांनीच ते शोधून काढलं, तर मग नाही मिळत. पण माफीचं उत्तर येईपर्यंत पलीकडेच थांबावं लागेल. काही महिने.

"आणि नाही दिली तर?" एलेउतेरियोनं विचारलं.

"तर नाही."

"नाही म्हणजे काय? आम्ही तिकडे येऊ शकत नाही, तू इकडे येऊ शकत नाहीस. मग आईबाप असून काय उपयोग?"

"बाबा, इथे राहिले तर मे महिन्यानंतर मी तुमच्यासारखी होईन. पोलिसाची गाडी दिसली की गल्ली बदलायची. सव्वीस वर्षं मी तुम्हाला तसं बघितलंय." तिनं बशी बाजूला सारली. "आणि घरात राहायचं म्हणून पुन्हा 'एकदाच' म्हणत बसायचं, ते आता माझ्याच्यानं होणार नाही. काका तिकडे बसलेत त्या शब्दापायी."

"मी हो म्हटलेलं नाही," एलेउतेरियो म्हणाला. तो उठून मोरीत गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. त्यानं नाहीही म्हटलं नव्हतं, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही.

ग्रिसेल्दा उठली. नवऱ्याचा तुकडा तिनं पुन्हा नीट गुंडाळला आणि पिशवीत ठेवला.  मग नेरेइदाला म्हणाली, "चोनची बाहेरची खोली आहे. खिडकी फुटकी आहे, ती मी त्याला नीट करायला सांगते. थंडी असते तिकडे."

"काकू..."

"मला काही बोलू नकोस आज. पांघरूण जाड आण."

ती दाराशी पोचली तेव्हा ओब्दुलियानं हाक मारली. बाळ अजून बशीच्या काठावर उभं होतं. ओब्दुलियानं ते उचलून मुठीत घेतलं.

"ग्रिसेल्दा, भांडं लागेल मला. मोठं."

ग्रिसेल्दा वळली. "कशाला?"

"बाळ मला निघालंय. दोन तारखेला तामालेस मी घालणार. सगळ्यांना."

"सगळे कुठे असणार आहेत, वहिनी?"

"दोघं पलीकडे. म्हणून तर म्हणते, निम्मे तू घेऊन जा."

"भरलेलं भांडं मला एकटीला उचलत नाही. आद्रियान त्या दिवशी परीक्षा आहे म्हणतो."

आद्रियान परीक्षा चुकवतो म्हणाला. कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मोरीतला नळ बंद झाला होता. एलेउतेरियो ओल्या चेहऱ्यानं दारात उभा होता आणि बायकोकडे बघत होता, कारण तिनं ॲप्रनची गाठ सोडली होती, आणि ती तशी सोडते तेव्हा तिचं काहीतरी ठरलेलं असतं हे त्याला माहीत होतं.

"एक कान तू धर, एक मी धरते," ओब्दुलिया म्हणाली. "पुलाच्या तोंडापर्यंत मी येते."

ग्रिसेल्दानं पिशवी खाली ठेवली आणि कोटाची बटणं काढायला घेतली.